कॉलेजने मार्कशीट, एलसी किंवा पदवी अडवली तर ती कायद्याने कशी मिळवायची

“आधी बाकी भरा, मग मार्कशीट न्या.” कॉलेजच्या खिडकीवर हे वाक्य इतक्या सहज ऐकू येते की तोच नियम असावा असे विद्यार्थ्यांना वाटू लागते. तसा नियम नाही. विद्यार्थ्याने कमावलेले प्रमाणपत्र त्याचे असते, संस्थेने ते तारण म्हणून ठेवायचे नसते. पण हक्क माहीत असला म्हणून कागद हातात पडत नाही. या विषयातले जवळजवळ सगळे कायदे दिवस मोजून चालतात, आणि बहुतेक ठिकाणी ते दिवस तुमच्या लेखी अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात. खिडकीवर दहा हेलपाटे घातले तरी त्यातल्या एकाचीही नोंद कुठे नसते. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली अर्जाची पोच हा पुढच्या सगळ्या लढाईचा पाया आहे. सहा-सहा महिने हेलपाटे घातलेल्या मुलांच्या फाइलमध्ये नेमकी हीच पोच नसते.

कोणता कागद कोणाकडे मागायचा

चुकीच्या दारात मागितले की महिना वाया जातो, म्हणून आधी हे स्पष्ट करून घ्या.

सत्राची गुणपत्रिका विद्यापीठ छापते आणि ती कॉलेजमार्फत मिळते. म्हणजे ती कॉलेजात येऊन पडली आहे की विद्यापीठातूनच निघाली नाही, हे आधी शोधावे लागते. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठ देते. काही विद्यापीठे ते दीक्षान्त समारंभानंतर कॉलेजांकडे पाठवतात, काही थेट घरी टपालाने पाठवतात. स्थलांतर प्रमाणपत्र (मायग्रेशन), ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा) आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र हीदेखील विद्यापीठाची कामे आहेत. कॉलेज सोडल्याचा दाखला (एलसी), बोनाफाइड आणि वर्तणुकीचा दाखला कॉलेज देते. स्वायत्त कॉलेजात परीक्षा आणि गुणपत्रिका कॉलेजच्याच परीक्षा विभागाच्या हातात असतात, पदवी मात्र विद्यापीठाची असते. प्रवेशाच्या वेळी तुम्ही दिलेली दहावी-बारावीची मूळ कागदपत्रे हा निराळा विषय आहे, आणि त्याबाबतचा नियम सर्वांत कडक आहे.

कायदा नेमके काय सांगतो

निकाल: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ नुसार त्या अभ्यासक्रमाची परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये ऑनस्क्रीन मूल्यांकनाच्या गोंधळात निकाल रखडले, तेव्हा प्रकरण इतके वाढले की त्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

पदवी: यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पदवीप्रदानाविषयीच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पदवीला पात्र ठरणे अपेक्षित असते त्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवीप्रदान झाले पाहिजे. “दीक्षान्त समारंभाची तारीख ठरली नाही” हे उत्तर १८० दिवसांनंतर चालत नाही. त्याआधीच्या काळासाठी तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मागायचे. पीएच.डी.च्या बाबतीत २०२२ च्या विनियमांत तर प्रत्यक्ष पदवी मिळण्याआधी तात्पुरते प्रमाणपत्र देणे संस्थेवर बंधनकारक केले आहे.

मूळ कागदपत्रे: यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे विद्यार्थ्यासमोर तपासायचे, स्वयंसाक्षांकित प्रती ठेवून घ्यायच्या आणि मूळ कागद लगेच परत करायचे. कागदाबद्दल शंका असेल तर तो देणाऱ्या मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे पडताळणी करावी, तेवढ्यासाठीही मूळ प्रत ठेवून घेता येत नाही. प्रत्यक्षात कॉलेजे जुना एलसी ठेवून घेतात आणि जाताना स्वतःचा देतात. तुमच्याकडून घेतला असेल तर त्याची झेरॉक्स आणि ‘मूळ प्रत मिळाली’ असा शिक्का मारलेली पावती त्याच दिवशी घ्या. याच अधिसूचनेत प्रवेश रद्द केल्यावर फी परत करण्याचे टप्पेही आहेत: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केल्यास १०० टक्के, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर शून्य. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. “उरलेल्या वर्षांची फी भरल्याशिवाय कागद देणार नाही” या मागणीला इथे कुठेच जागा नाही.

बाकी फीसाठी अडवणूक: दुसऱ्याची वस्तू आपले येणे वसूल होईपर्यंत धरून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क कोणाला आहे, याची यादी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ मध्ये आहे. त्यात बँकर, अडते, मालधक्क्याचे चालक, उच्च न्यायालयातले वकील आणि विमा पॉलिसीचे दलाल आहेत. शिक्षणसंस्था नाही. शिवाय यादीत असलेल्या वकिलांनाही अशिलाचे कागद फीसाठी अडवता येत नाहीत, कारण असे कागद म्हणजे विक्रीचा माल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात म्हटले. हा मुद्दा तक्रारीत जरूर लिहा. एक सावधगिरी: कलम १७१ मध्ये स्पष्ट करार असल्यास अपवाद आहे, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी ‘फी थकल्यास कागदपत्रे रोखण्यास माझी हरकत नाही’ असे हमीपत्र तुमच्याकडून घेतले आहे का, ते तपासा. घेतले असेल तर वाद थोडा अवघड होतो, पण यूजीसीच्या अधिसूचनेविरुद्ध जाणारे हमीपत्र पुढे करून संस्था सहज सुटत नाही.

याचा अर्थ फी माफ झाली असा मुळीच नाही. थकबाकी खरी असेल तर संस्था दिवाणी दावा करू शकते. बाकी खरी आहे की नाही आणि कागद अडवता येतो की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खिडकीवर ते नेहमी एकत्र गुंडाळले जातात, आपण अर्जात ते वेगळे ठेवायचे.

वैद्यकीय शिक्षणातले सेवेचे बंधपत्र, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सेवा करण्याची लेखी हमी, हा अपवाद समजा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अतिविशेषोपचार (सुपर-स्पेशालिटी) अभ्यासक्रमांच्या प्रकरणात अशी बंधपत्रे वैध ठरवली आहेत. तिथे आधी बंधपत्रातली नेमकी अट वाचावी लागते.

अर्ज करण्याआधी: कागद खरोखर कशासाठी अडकला आहे?

‘देत नाहीत’ या एका तक्रारीखाली चार-पाच वेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

निकाल राखीव. गुणपत्रिका न येण्याचे हे फार मोठे कारण आहे. आधीच्या सत्राचा एखादा विषय राहिलेला, अंतर्गत गुण किंवा प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजने पाठवलेलेच नाहीत, किंवा पात्रता पूर्ण नाही. शेवटचे विशेष त्रासदायक. सीबीएसई, दुसऱ्या राज्याचे मंडळ किंवा दुसरे विद्यापीठ यांतून आलेल्या विद्यार्थ्याचा पात्रता अर्ज मायग्रेशनसह कॉलेजने पहिल्या वर्षीच विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे पाठवायचा असतो. तो तिथेच पडून राहतो, विद्यार्थी तीन वर्षे परीक्षा देत राहतो आणि पदवीच्या वेळी कळते की पात्रता अजून तात्पुरतीच आहे. अशा वेळी परीक्षा विभागात भांडून उपयोग नाही. पात्रता विभागात जा, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक) सांगा, काय कमी आहे ते लिहून घ्या आणि कॉलेजला त्याच मजकुराचे पत्र द्या. चूक कॉलेजची असेल तर विलंब शुल्क तुम्ही का भरायचे, हेही त्या पत्रात विचारा.

शिष्यवृत्ती आली नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर लॉगिन करून अर्ज नेमका कुठे थांबला आहे ते पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह काढा. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर पडून असेल तर विलंब कॉलेजचा आहे. समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे असेल तर तो शासनाचा आहे, आणि त्याची शिक्षा विद्यार्थ्याला देता येत नाही. मात्र एक गोष्ट तपासाच. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. ते पैसे कधीकधी दुसऱ्याच जुन्या खात्यात जमा झालेले असतात, कारण आधार त्या बँकेला जोडलेले असते. पासबुकात शिक्षण शुल्काची रक्कम आली असेल तर ती कॉलेजला देणे लागतेच.

ना-देय दाखला. ग्रंथालयाचे पुस्तक, प्रयोगशाळेची मोडतोड, वसतिगृहाची बाकी. रक्कम छोटी आणि खरी असेल तर भरून मोकळे व्हा. रक्कम वादग्रस्त पण कागद तातडीने हवा असेल तर ती ‘हरकत नोंदवून’ भरता येते: पैसे भरताना पत्र द्यायचे की ही रक्कम मान्य नसून केवळ प्रमाणपत्र मिळावे म्हणून भरत आहे, परताव्याचा हक्क राखून ठेवतो. पावती घ्या, पत्राची पोच घ्या. हा मार्ग अनेकांना माहीत नसतो. पावती द्यायला नकार देणाऱ्या खिडकीवर एक रुपयाही रोखीने देऊ नका, बँकेमार्फतच भरा.

नावातली चूक. महाराष्ट्रातल्या बहुतेक पदव्यांवर नाव इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत छापले जाते, आणि अर्ज भरताना इंग्रजीवरून देवनागरी नाव संगणक आपोआप उमटवतो. त्यात पाटीलचा ‘पाटिल’, मानेचा ‘मने’, खाडेचा ‘खडे’ होतो. दीक्षान्ताचा अर्ज भरताना देवनागरीची चौकट हाताने दुरुस्त करा. पदवी छापल्यानंतर दुरुस्तीला महिने जातात. चूक विद्यापीठाची असेल तर दुरुस्तीचे शुल्क भरण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाच्या २०२३-२४ च्या पदवी प्रमाणपत्रांवर तर विद्यापीठाच्या स्वतःच्या इंग्रजी नावाचे स्पेलिंग चुकले होते. प्रमाणपत्र हातात पडल्यावर आपले आणि आईचे नाव, शाखा, श्रेणी, वर्ष आणि विद्यापीठाचे नावही अक्षर लावून वाचा.

अर्ज असा लिहा

अर्ज एका पानाचा असावा. एका अर्जात एकच मागणी, आणि रागाचा शब्द नको. हाच कागद उद्या न्यायाधीशांसमोर जाऊ शकतो, हे धरूनच लिहा.

“प्रति, मा. प्राचार्य / मा. कुलसचिव / मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ.
विषय: (अभ्यासक्रम, वर्ष) चे पदवी प्रमाणपत्र / गुणपत्रिका / मूळ कागदपत्रे मिळण्याबाबत.
महोदय, मी (पूर्ण नाव), पीआरएन ____, आसन क्रमांक ____, (महिना, वर्ष) च्या परीक्षेत उत्तीर्ण झालो / झाले असून निकाल दि. ____ रोजी जाहीर झाला. वरील कागद मला अद्याप मिळालेला नाही. मी दि. ____ रोजी आपल्या कार्यालयात तोंडी विचारणा केली असता ____ असे कारण सांगण्यात आले. हा कागद मला (पुढील प्रवेश / नोकरी) साठी दि. ____ पूर्वी आवश्यक आहे. तरी तो सात दिवसांत देण्यात यावा. देता येत नसल्यास त्याचे कारण आणि ज्या नियमाखाली तो रोखला आहे तो नियम लेखी कळवावा.
सोबत: गुणपत्रिकेची प्रत, ओळखपत्राची प्रत, फी पावत्यांच्या प्रती.”

शेवटून दुसरे वाक्य सर्वांत कामाचे. ‘कोणत्या नियमाखाली रोखला ते लेखी कळवा’ असे मागितले की बरीच कार्यालये कागदच काढून देतात, कारण तसा नियम लिहून द्यायला कोणाकडेच नसतो. थकबाकीचे कारण सांगितले असेल तर ‘बाकीचा वर्षनिहाय तपशील द्यावा’ हेही जोडा.

दोन प्रती घ्या आणि आवक-जावक खिडकीवर द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही हवी. “साहेबांना विचारून शिक्का देतो” म्हणाले तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोच देण्याच्या सोयीसह पाठवा आणि संस्थेच्या अधिकृत ईमेलवरही टाका. टपाल पोहोचल्याची ऑनलाइन नोंद दिसली की ते पान छापून ठेवा, ती नोंद कायम राहत नाही.

मुलाखत किंवा प्रवेशाची तारीख आठवड्यावर आली असेल तर या अर्जासोबत आणखी दोन गोष्टी करा. कॉलेजकडे ‘उत्तीर्ण असून प्रमाणपत्र प्रक्रियेत आहे’ असे पत्र मागा. आणि डिजिलॉकर उघडा: अनेक विद्यापीठांनी गुणपत्रिका आणि पदव्या राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात चढवल्या आहेत. २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांतील नियम ९अ नुसार तिथे संस्थेने दिलेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर कागद असूनही शोधात सापडत नाही.

उत्तर आले नाही तर: तक्रार निवारण समिती आणि लोकपाल

यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. सरकारी, अनुदानित, खासगी, अभिमत अशा सर्व विद्यापीठांना आणि कॉलेजांना ते लागू आहेत. प्रत्येक संस्थेत प्राध्यापकांची विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, त्यात विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि ऑनलाइन तक्रारीची सोयही हवी.

मूळ कागदपत्रे अडवून, जो अभ्यासक्रम पुढे करायचाच नाही त्याची फी मागणे, ही या विनियमांच्या व्याख्येत स्पष्ट नोंदवलेली तक्रार आहे. निकालाला उशीर, शिष्यवृत्तीचा विलंब, जास्तीचे पैसे मागणे, परतावा नाकारणे आणि यूजीसीच्या विनियमांविरुद्ध केलेली कोणतीही कृती याही त्यात येतात. पदवीला १८० दिवसांहून उशीर झाला असेल तर शेवटच्या मुद्द्याखाली, २००८ च्या विनियमांचा उल्लेख करून तक्रार करा.

समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत तुम्हालाही मिळायला हवी. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. ही मुदत चुकवू नका. लोकपाल विद्यापीठाने नेमलेला, पण बाहेरचा असतो: निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. संलग्न कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनाही विद्यापीठाच्याच लोकपालाकडे जाता येते. अपिलावर ३० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. त्याच्या शिफारशी न पाळणाऱ्या संस्थेचे अनुदान थांबवण्यापर्यंतचे अधिकार यूजीसीकडे आहेत.

समितीच अस्तित्वात नाही किंवा लोकपाल नेमलेलाच नाही, असेही आढळते. यूजीसीला २०२४ मध्ये लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादी जाहीर करावी लागली होती. मग तक्रार कुलसचिवांना पाठवून यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर नोंदवा, आणि ‘संस्थेने समिती नेमलेली नाही’ हा स्वतंत्र मुद्दा त्यात घाला. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, पदविका अशा एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यतेच्या संस्था असतील तर एआयसीटीईकडेही प्रत पाठवा. मूळ कागदपत्रे अडवल्याबद्दल कारवाई तिथल्या नियमांतही आहे, आणि संस्थाचालक मान्यतेला फार जपतात.

लोकसेवा हक्क कायदा: कमी वापरले जाणारे हत्यार

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांनाही लागू आहे, आणि सार्वजनिक विद्यापीठे त्यात येतात. अट एकच, ती सेवा अधिसूचित असली पाहिजे. प्रत्येक विद्यापीठाने अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा तक्ता लावायचा असतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘लोकसेवा हक्क’ किंवा ‘सेवा हमी’ या नावाखाली तो शोधा. पदवीची दुय्यम प्रत, मायग्रेशन किंवा ट्रान्सक्रिप्ट त्यात दिसले तर ठरलेल्या नमुन्यात अर्ज करून अर्ज क्रमांक घ्या.

मुदत संपली किंवा नकार आला की ३० दिवसांत पहिले अपील, त्याचा निर्णय ३० दिवसांत. त्यानंतर ३० दिवसांत दुसरे अपील, निर्णय ४५ दिवसांत. तरीही काम नाही झाले तर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण ती त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जाते, आणि म्हणूनच हा अर्ज टेबलावर आला की फाइल हलते. गोव्यातल्या वाचकांसाठी तिथला कालबद्ध लोकसेवा कायदा २०१३ चा आहे.

माहिती अधिकार कशासाठी वापरायचा

माहिती अधिकाराच्या अर्जाने प्रमाणपत्र मिळत नाही, पुरावा मिळतो. ‘माझी पदवी का दिली नाही’ असा प्रश्न विचारला तर ‘कारण ही माहिती नव्हे’ म्हणून अर्ज परत येतो. नोंदी मागा: दि. ____ च्या माझ्या अर्जावर (आवक क्रमांक ____) झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत. तो अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या कर्मचाऱ्याकडे होता त्याची नोंद. कागदपत्रे रोखण्याबाबतचा नियम, ठराव किंवा परिपत्रक असल्यास त्याची प्रत. ‘असा ठराव अभिलेखात नाही’ हे लेखी उत्तर हाती आले की अर्धे प्रकरण जिंकल्यासारखे आहे.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाकडे प्रलंबित प्रकरणांचा ढीग असतो, त्यामुळे तिथवर जाण्यापेक्षा पहिल्या उत्तरातून जे मिळेल ते घेऊन तक्रार पुढे न्या. गुणांबद्दलच वाद असेल तर स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात मान्य केला आहे.

उच्च न्यायालय, आणि ग्राहक मंच का नको

बरेचजण ग्राहक आयोगाचा रस्ता सुचवतात. आमचा सल्ला उलटा आहे. परीक्षा मंडळ परीक्षा घेताना ‘सेवा’ देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहार शाळा परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटले, आणि २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणातही विद्यार्थी ग्राहक नसल्याचीच भूमिका घेतली. तिथे दोन वर्षे गेल्यावर ‘तक्रार चालण्याजोगी नाही’ असे ऐकावे लागू शकते.

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका हा खरा मार्ग आहे. मागणी परमादेशाची करायची, म्हणजे ‘कर्तव्य करा’ असा हुकूम. खासगी न्यासाच्या संलग्न कॉलेजविरुद्धही तो मिळू शकतो, हे अनादी मुक्त सद्गुरू प्रकरणात १९८९ मध्येच ठरले आहे. पण परमादेश मागण्याआधी तुम्ही लेखी मागणी केली होती आणि ती नाकारली किंवा दुर्लक्षिली गेली, हे दाखवावे लागते. आवक क्रमांकाची प्रत इथे उपयोगी पडते. याचिकेत कॉलेज, विद्यापीठ आणि यूजीसी तिघांनाही प्रतिवादी करा. पुढच्या प्रवेशाची तारीख जवळ असेल तर अंतरिम आदेश मागा: थकबाकीचा वाद खुला ठेवून, विद्यार्थ्याच्या हमीवर कागद आत्ता द्यावा. अंतिम सुनावणीला वेळ लागत असला तरी हा आदेश लवकर मिळू शकतो, कारण प्रवेश हुकला की नुकसान भरून येत नाही हे न्यायालयाला पटवणे सोपे असते.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे पीठे आहेतच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे तिकडच्या विद्यार्थ्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नमर्यादेत.

हरवलेली पदवी, बंद पडलेले कॉलेज, परदेशातला विद्यार्थी

पदवी हरवली तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद (ऑनलाइनही होते), विद्यापीठाच्या नमुन्यातले प्रतिज्ञापत्र, जुनी झेरॉक्स आणि शुल्क यांवर दुय्यम प्रत मिळते. झेरॉक्स नसेल तर उत्तीर्ण होण्याचे वर्ष, महिना आणि आसन क्रमांक तरी हवा. विद्यापीठाचे जुने निकाल-लेजर आसन क्रमांकाने लावलेले असतात, नावावरून शोधायला फार वेळ लागतो.

कॉलेज बंद पडले असले तरी पदवीचा अभिलेख विद्यापीठाकडे असतो. अर्ज थेट कुलसचिवांना करा आणि ‘कॉलेज बंद असल्याने प्राचार्यांची सही मिळणे शक्य नाही’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर प्राचार्यांच्या सहीअभावी अर्ज परत येतो.

परदेशातल्या विद्यार्थ्याने भारतातल्या नातेवाइकाला अधिकारपत्र द्यावे: कोणते कागद स्वीकारायचे त्याची यादी, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि पासपोर्टवरची सही. अधिकारपत्रावरची सही विद्यापीठाच्या नोंदीतल्या सहीशी जुळली नाही की खिडकीवरून परत पाठवतात. ट्रान्सक्रिप्ट आपल्या पदव्या तपासणाऱ्या परदेशी मूल्यांकन संस्थेला पाठवायची असेल तर लिफाफा विद्यापीठानेच बंद करून त्याच्या जोडावर शिक्का मारलेला असला पाहिजे. घरी आणून उघडलेला लिफाफा बाद ठरतो, म्हणून स्वतःसाठी वेगळी प्रत आधीच मागवा. पदवीवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे प्रमाणीकरण) हवे असेल तर आधी राज्य शासनाची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालय, हा क्रम आहे. त्यासाठी पदवी लॅमिनेट केलेली नको, कारण त्यावर शिक्का मारता येत नाही. पदवी हातात आल्या दिवशीच लॅमिनेशनला टाकण्याची आपल्याकडे फार हौस आहे. साधी पारदर्शक फोल्डर वापरा.